पहिली आवृत्ती, मूळ वेष्टनासह

पुण्यात जुनी पुस्तके विकणारी दुकाने आणि पदपथावरचे विक्रेते पुष्कळ आहेत. परंतु खरेदी-विक्रीची अट न घालता, पुस्तक कोणत्या आवृत्तीचे आहे एवढेच तपासून लेखी सांगणारे दुकान मला आजवर एकच आढळले. एका जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर, दोन खणांच्या जागेत, सत्तरी ओलांडलेले मालक आणि त्यांचा एक तरुण मदतनीस असे दोघे मिळून ते चालवतात. या अभिप्रायात कौतुकाबरोबर एक तक्रारही आहे, म्हणून दुकानाचे नाव येथे देत नाही. दर पुस्तकामागे दीडशे रुपये घेतले जातात, एका पुस्तकाला साधारण वीस मिनिटे लागतात, आणि शेवटी दुकानाचा शिक्का असलेली, निळ्या शाईने लिहिलेली वीतभर चिठ्ठी हाती पडते. पुस्तक पुढे त्यांनाच विकल्यास तपासणीचे पैसे किमतीत धरले जातात. विकण्याचा आग्रह मात्र एकदाही झाला नाही, हे आधीच नोंदवतो.

माझ्या मामांच्या कपाटातली आठ पुस्तके घेऊन मी गेलो होतो. त्यांपैकी निदान चार पहिल्या आवृत्तीची आहेत, अशी घरात सर्वांची समजूत होती. पहिल्या अर्ध्या तासातच त्यांतली तीन बाद झाली, आणि ती कशी बाद झाली हे पाहण्यासाठीच पैसे दिले असते तरी ते वसूल झाले असते.

पहिले होते ‘कोसला’. आत ‘पहिली आवृत्ती १९६३’ असे स्पष्ट छापलेले असल्यामुळे मामा ते कोणाला वाचायलाही देत नसत. मालकांनी शीर्षकपान उघडले, प्रकाशकाचे नाव वाचले आणि पुस्तक मिटून माझ्याकडे सरकवले. ही कादंबरी १९६३ साली देशमुख आणि कंपनीने काढली. पॉप्युलर प्रकाशनाकडे ती नंतर आली. शीर्षकपानावर पॉप्युलरचे नाव असेल तर ती प्रत पहिल्या आवृत्तीची असणे शक्यच नाही, मग आत साल कोणतेही दिसो. ‘पहिली आवृत्ती १९६३’ ही ओळ त्या पानावर आवृत्त्यांचा इतिहास सांगण्यासाठी असते आणि तिच्या खालच्या ओळीत चालू आवृत्तीचे वर्ष असते. आपण पहिली ओळ वाचून थांबतो. मालकांच्या सांगण्यानुसार त्यांच्याकडे येणाऱ्या गैरसमजांपैकी निम्म्याहून अधिक याच एका ओळीतून जन्मलेले असतात, आणि माझा स्वतःचा अनुभव पाहता ते मला पटले.

दुसरा होता मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश. त्याच्या शीर्षकपानावर १८५७ हे साल होते, आणि शाळेत असल्यापासून मी ते साल खरे मानत आलो होतो. येथे मालकांनी डोळ्यांआधी बोट वापरले. खिळ्यांनी, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांनी, छापलेल्या पानावर अक्षर कागदात किंचित रुतते आणि पानाच्या पाठीमागे त्याचा उठाव हाताला जाणवतो. ऑफसेटवर छापलेले पान दोन्ही बाजूंनी सपाट असते. त्यांनी मला आधी शेजारच्या एका जुन्या पुस्तकाचे पान उलटून त्यावरून तर्जनी फिरवायला लावली आणि मग कोशाचे. फरक इतका उघड होता की तो आजवर जाणवला कसा नाही याचेच नवल वाटले. माझी प्रत शुभदा-सारस्वतने १९७५ साली काढलेले पुनर्मुद्रण होती. जुने शीर्षकपान त्यात जसेच्या तसे घेतलेले आहे, आणि मागच्या बाजूला खरा तपशील छापलेला आहे, जो मी कधी वाचला नव्हता. शिवाय १८५७ची ती आवृत्तीही मुळात दुसरीच, पहिली १८३१ची. ज्याला कोश वापरायचा आहे त्याने दुसरीच शोधावी, कारण तीच वाढवलेली आणि सुधारलेली आहे, असेही मालक जाता जाता म्हणाले. पहिल्या आवृत्त्यांची पारख करून पोट भरणाऱ्या माणसाने हे सांगावे, हे मला आवडले.

तिसरे पुस्तक घरातले सर्वांत मानाचे, म्हणजे ‘गीतारहस्य’. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेला हा ग्रंथ १९१५ साली प्रसिद्ध झाला आणि आमच्या पणजोबांनी तो त्याच वर्षी घेतला, अशी कथा मी लहानपणापासून ऐकली आहे. पुस्तकाचे शीर्षकपान फाटून गेले होते, त्यामुळे कथेला विरोध करणारे कोणी नव्हते. मालकांनी मागची-पुढची पाने सावकाश चाळली आणि प्रकाशकांच्या निवेदनातल्या एका ओळीवर भिंग ठेवले. तेथे ग्रंथकर्त्याच्या नावाआधी ‘कै.’ होते. लोकमान्य १ ऑगस्ट १९२० रोजी गेले. त्यामुळे हे पान त्यानंतरच छापलेले असणार. एका अक्षरात पणजोबांची कथा संपली. आईला हे अजून सांगितलेले नाही.

या दुकानाचे खरे बळ येथे आहे. निकाल तर कोणीही देईल. हे गृहस्थ निकालाआधी पुरावा दाखवतात, आणि तो अशा रीतीने दाखवतात की घरी परतल्यावर आपण आपली उरलेली पुस्तके त्याच नजरेने पाहू लागतो. अमेरिकेत राहणारे एक गृहस्थ त्याच वेळी दुकानात होते आणि प्रत्येक पुस्तकाच्या दुसऱ्या पानावर दहापासून एकपर्यंतच्या आकड्यांची ओळ शोधत होते. तिकडच्या अनेक प्रकाशकांच्या पुस्तकांत ती असते, आणि तिच्यातला एक हा आकडा शाबूत असेल तर साधारणपणे ती पहिली छपाई मानतात. मराठी पुस्तकांत अशी ओळ शोधणे व्यर्थ आहे. आपल्याकडे पुरावा विखुरलेला असतो: किमतीत, पत्त्यात, शुद्धलेखनात, मुद्रकाच्या नावात. तो गोळा करावा लागतो.

किमतीचे उदाहरण सर्वांत सोपे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली. त्याआधीच्या पुस्तकांवर रुपये आणि आणे असतात, त्यानंतर ‘नवे पैसे’ दिसू लागतात, आणि जून १९६४ पासून त्यातला ‘नवे’ गळून पडतो. म्हणजे ‘अडीच रुपये’ अशी सरळ किंमत काहीच सांगत नाही, पण ‘दोन रुपये पन्नास नवे पैसे’ अशी किंमत छपाईला सात वर्षांच्या कोंदणात बसवते. पत्त्याचेही तसेच. ‘पुणे २’ किंवा ‘मुंबई ४’ असा पत्ता जुना; सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासूनचा. एखाद्या पुस्तकावर १९५८ हे एकच साल असेल आणि मुद्रणालयाच्या पत्त्यात ‘४११ ०३०’ असेल, तर कोणीतरी जुने पान घेऊन केवळ पत्ता बदलला आहे हे उघड होते. मुद्रकाचे आणि प्रकाशकाचे नाव व ठिकाण पुस्तकावर छापणे १८६७च्या कायद्याने बंधनकारक केले होते, त्यामुळे एरवी निष्काळजी असलेल्या प्रकाशकांच्या पुस्तकांतही ही ओळ बहुधा सापडते. कधी शीर्षकपानामागे, कधी अगदी शेवटच्या पानाच्या तळाशी, बारीक टायपात. मालक पुस्तक हाती आल्यावर आधी शेवटचे पान पाहतात.

शुद्धलेखनाचा पुरावा मला सर्वांत मनोहारी वाटला, कारण तो फक्त मराठी वाचणाऱ्यालाच दिसू शकतो. मराठी साहित्य महामंडळाचे नियम १९६२ साली आले आणि उच्चारात नसलेले अनुस्वार लिखाणातून गेले. त्याआधीच्या पुस्तकांत ‘घरांत’, ‘कांहीं’, ‘नांव’, ‘केलें’ अशी रूपे दिसतात. १९५० सालचे म्हणून दाखवलेल्या पुस्तकात सगळीकडे ‘घरात’ आणि ‘काही’ असेल, तर तो मजकूर नंतर पुन्हा जुळवलेला असण्याची दाट शक्यता असते. उलट दिशेने मात्र हा नियम चालत नाही, कारण जुन्या पानांची छायाचित्रे घेऊन ऑफसेटवर छापल्यास अनुस्वार तसेच राहतात. तेथे पुन्हा बोटच कामाला येते. नियम आल्यानंतरही काही लेखकांनी आणि छापखान्यांनी जुनी रूपे सोडली नाहीत, आणि किर्लोस्कर प्रकाशनांत ‘अि’, ‘अु’ अशी अ-ची बाराखडी चालत असे, त्यामुळे एकट्या शुद्धलेखनावर निकाल देऊ नये, हेही त्यांनी बजावले. एकाच खुणेवर त्यांनी माझ्यासमोर कोणताही निर्णय दिला नाही.

टेबलाशेजारी शंकर गणेश दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’चे खंड ठेवलेले आहेत आणि त्यांच्या कडा हाताळून काळ्या झालेल्या आहेत. १८०० ते १९३७ आणि १९३८ ते १९५० असा काळ हे खंड व्यापतात. पुस्तकावर सालच नसेल तर सूचीतली नोंद पहिला आधार ठरते. त्यापुढच्या काळासाठी मालकांकडे प्रकाशकांच्या जुन्या यादीपत्रकांचा मोठा साठा आहे. पुस्तकाच्या शेवटी ‘आमची आगामी प्रकाशने’ म्हणून दिलेली नावे त्या पत्रकांशी पडताळून ते छपाईचा काळ वर्षा-दोन वर्षांपर्यंत आणतात.

आता ज्या पुस्तकामुळे हा अभिप्राय लिहायला घेतला त्याकडे येतो. तो एका कथालेखकाचा संग्रह आहे. आत ‘पहिली आवृत्ती : माघ शके १८७६’ आणि ‘किंमत तीन रुपये चार आणे’ असे छापलेले आहे, आणि वर चित्रकार दीनानाथ दलालांची सही असलेले रंगीत वेष्टन आहे. मामांनी पहिल्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने ‘१९५४’ असे लिहून ठेवले होते. तेथेच पहिली दुरुस्ती झाली. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो हे आपण शाळेत शिकतो, पण वर्ष चैत्रात सुरू होत असल्यामुळे जानेवारीपासून पुढच्या चैत्रापर्यंत ७९ मिळवावे लागतात. माघ शके १८७६ म्हणजे १९५५ची सुरुवात. मदतनीस तरुणाने हे तोंडीच सांगितले, मालकांनी मान डोलावली, आणि मामांच्या पेन्सिलीला कोणी हात लावला नाही, याबद्दल मला बरे वाटले.

त्यानंतर पंचवीस मिनिटे त्या पुस्तकावर गेली. खिळ्यांची छपाई, जुनी रूपे सर्वत्र, मुद्रकाचा पत्ता ‘पुणे २’, किंमत आण्यांत, कोठेही दुसऱ्या आवृत्तीचा उल्लेख नाही. सगळे जुळत होते. वेष्टन हातात घेऊन मालक खिडकीपाशी गेले, ते उलटसुलट केले आणि म्हणाले, “वेष्टन जरा ताजं वाटतंय हो.” मी विचारले, “म्हणजे दुसऱ्या प्रतीचं आहे का?” त्यावर ते म्हणाले, “असेलही. नसेलही.” एवढे बोलून ते जागेवर येऊन बसले आणि त्यांनी चिठ्ठी लिहिली: ‘पहिली आवृत्ती, मूळ वेष्टनासह.’

त्या दिवशी मला त्यात काही खटकले नाही. घरी आल्यावर मी वेष्टनाची आत दुमडलेली बाजू वाचली. तेथे त्याच प्रकाशकाच्या इतर पाच पुस्तकांची जाहिरात होती आणि त्यांतल्या दोन पुस्तकांच्या किमती नव्या पैशांत दिलेल्या होत्या. म्हणजे पुस्तक १९५५चे आणि वेष्टन एप्रिल १९५७ नंतर छापलेले. जी युक्ती त्यांनी मला तासाभरापूर्वी शिकवली होती तीच वापरून त्यांची चिठ्ठी चुकीची ठरत होती.

जुन्या पुस्तकांच्या व्यवहारात हा बारकावा क्षुल्लक नाही. आपल्याकडे वेष्टने टिकत नाहीत. वाचनालये पुस्तक आले की वेष्टन काढून टाकत, पुठ्ठा बांधणी करून घेत आणि बांधणाऱ्याकडून कडाही कापून घेत. त्यामुळे वेष्टनासह मिळणाऱ्या प्रतीला जास्त किंमत येते, आणि नेमक्या याच कारणाने वेष्टन नसलेल्या पहिल्या आवृत्तीवर नंतरच्या आवृत्तीचे वेष्टन चढवण्याचा मोह विक्रेत्यांना होतो. ‘मूळ वेष्टनासह’ हे दोन शब्द लिहिणाऱ्याने ते वाचणारा पैसे मोजणार आहे हे गृहीत धरले पाहिजे. मी ते पुस्तक विकणार नव्हतो. पण ती चिठ्ठी पुस्तकात ठेवून माझ्यानंतर कोणी ते विकले असते, तर त्या चिठ्ठीनेच पुढच्या माणसाला फसवले असते.

आठवड्याने पुन्हा गेलो. मालकांनी दुमडलेली बाजू वाचली, भिंग काढून पुन्हा वाचली आणि मदतनीसाला बोलावून त्यालाही वाचायला लावली. मग त्यांनी जे सांगितले ते मला ठाऊक नव्हते. त्या काळी प्रकाशक हजार प्रतींचे फर्मे, म्हणजे बांधणीआधीचे छापील कागद, एकदम छापून घेत, पण सगळ्यांची बांधणी एकदम करीत नसत; मागणी येईल तसे दोनशे-तीनशे फर्मे बांधणाऱ्याकडे जात. पहिल्या छपाईतले उरलेले फर्मे दोन-तीन वर्षांनी बांधले गेले आणि त्यांच्यासाठी वेष्टन नव्याने छापले गेले, असे सर्रास होई. तसे असेल तर माझ्या प्रतीवरचे वेष्टन १९५७ नंतरचे असूनही ते याच प्रतीचे आहे, कोणी बाहेरून चढवलेले नाही. आणि तसे नसेल तर ते दुसऱ्या प्रतीवरून आलेले आहे. यांतले कोणते खरे, हे एका प्रतीवरून ठरवता येत नाही. त्याच आवृत्तीची वेष्टनासह असलेली दुसरी प्रत शेजारी ठेवून पुठ्ठा, कापड आणि शिलाई ताडून पाहावी लागते. पहिल्या भेटीत “असेलही, नसेलही” असे ते म्हणाले होते, ते उडवाउडवीचे उत्तर नव्हते. त्यामागे ही सगळी माहिती होती.

माझी तक्रार नेमकी येथे सुरू होते. ज्या माणसाला शंका इतक्या अचूकपणे घेता येते त्याने ती चिठ्ठीतून वगळावी का? मी विचारले तेव्हा त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले की गिऱ्हाइकाला चिठ्ठीवर ठाम वाक्य लागते. ‘बहुधा’ लिहिले की लोक म्हणतात, मग दीडशे रुपये कशाचे घेतले. हे मी समजू शकतो, पण मान्य करू शकत नाही. बोलणे दुकानात राहते आणि चिठ्ठी पुस्तकाबरोबर जाते. माझ्या इतर सात चिठ्ठ्या घरी आल्यावर पुन्हा वाचल्या, तर त्यांतल्या आणखी एकीत तोंडी सांगितलेली एक शंका गळालेली आढळली. एका कवितासंग्रहाच्या पानावर ‘आवृत्ती’ हा शब्दच नाही आणि केवळ साल आहे. ती पहिली आवृत्ती असावी असा अंदाज त्यांनी मला सकारण सांगितला होता, पण चिठ्ठीत ‘असावी’च्या जागी ‘आहे’ आले होते. आपल्या प्रकाशकांनी आवृत्ती आणि पुनर्मुद्रण हे शब्द इतक्या सैलपणे वापरले आहेत, आणि कित्येकांनी ते वापरलेलेच नाहीत, की अशा ठिकाणी ‘असावी’ हेच शास्त्रशुद्ध उत्तर ठरते.

त्यांच्या बाजूने हे सांगितले पाहिजे की त्यांनी चूक मान्य करायला एक क्षणही घेतला नाही. जुनी चिठ्ठी माझ्यासमोर फाडली, त्या पुस्तकाचे दीडशे रुपये परत केले आणि नवी चिठ्ठी लिहून दिली: ‘छपाई पहिल्या आवृत्तीची (माघ शके १८७६, इ. स. १९५५). वेष्टन एप्रिल १९५७ नंतर छापलेले. ते याच प्रतीचे आहे की नाही, हे सांगता येत नाही.’ माझ्या दृष्टीने ही चिठ्ठी पहिलीपेक्षा कितीतरी अधिक मोलाची आहे. कवितासंग्रहाची चिठ्ठीही बदलून देतो म्हणाले. ती अजून मिळायची आहे.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. दुकान दुपारी एक ते चार बंद असते आणि त्या वेळेत मालक फोनही घेत नाहीत. एका वेळी चारांपेक्षा जास्त पुस्तके नेऊ नयेत. माझ्या आठव्या पुस्तकापर्यंत ते दमले होते आणि ते मला उशिरा लक्षात आले. जीर्ण पुस्तके प्लॅस्टिकच्या पिशवीत न नेता सुती फडक्यात गुंडाळून न्यावीत, नाहीतर पहिली पाच मिनिटे बोलणी खाण्यात जातात. पुस्तकात जुनी तिकिटे, वाचनालयाचे शिक्के, दुकानदाराची चिकटपट्टी किंवा कोणी लिहिलेली भेटीची ओळ असेल, तर ती ‘साफ’ करून नेऊ नये. वाचनालयाच्या शिक्क्यात दाखल तारीख असते, आणि पुस्तक त्या तारखेआधी छापलेले होते याचा त्याहून चांगला पुरावा बहुतेक वेळा मिळत नाही. चिठ्ठी हाती आल्यावर ती तेथेच वाचावी, तोंडी ऐकलेली प्रत्येक शंका तिच्यात आहे का हे पाहावे, आणि नसेल तर न संकोचता लिहून मागावी. मागितल्यावर ते लिहून देतात.

दुसऱ्या भेटीत मी एक नववी वस्तू ठेवून आलो आहे. शिळाप्रेसवर, म्हणजे दगडावरून, छापलेली, आडव्या पानांची, कडेने वाळवीने खाल्लेली एक पोथी. तिला शीर्षकपान नाही. अशा पोथ्यांत छापखान्याचे नाव आणि शक शेवटच्या पानावर मजकुराच्या ओघातच येतात, आणि वाळवीने नेमका तोच कोपरा खाल्ला आहे. शकाचे पहिले दोन आकडे, १७, वाचता येतात. मालकांनी ती उजेडात धरली, बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि मग मदतनीसाला म्हणाले, “हिची चिठ्ठी इतक्यात लिहू नकोस.”